वाचक विचारतात : आजोबांचा मोठा कॅमेरा परत चालू करायचाय

प्रश्न : सर, आमच्या आजोबांचा स्टुडिओ होता. माळा आवरताना त्यांचा फुल प्लेटचा (मोठ्या काचेच्या प्लेटवर फोटो काढणारा) लाकडी कॅमेरा सापडला, पितळी लेन्स शाबूत आहे, मागची घासलेली काच तडकलीये, लेन्स आणि काच यांच्या मधला घड्यांचा भाता धड दिसतोय पण खात्री नाही. सोबत काचेच्या निगेटिव्हचा खोका आहे. एक जण म्हणतो पॉलिश करून हॉटेलच्या लॉबीत ठेवतो, चांगले पैसे देतो, आणि बाबा म्हणतात देऊन टाक. मला मात्र त्याच्यावर फोटो काढायचेत, जमेल का? — एक वाचक, सांगली

उत्तर : नक्की जमेल, आणि बाबांना माझ्याकडून सांगा की देऊ नका. या कॅमेऱ्यात बिघडण्यासारखं फार काही नसतंच हो, पुढे लेन्स, मागे काच, मध्ये अंधार, बस. आणि विकायची वेळ आलीच तरी लेन्स वेगळी काढून विकू नका, जोडी फुटली की मागे राहतो तो नुसता लाकडी खोका.

आधी नावाची पट्टी शोधा. इंग्लंडचा असू शकतो, किंवा केरळात आलप्पुळाला करुणाकरन यांनी १९४० च्या दशकात बनवायला घेतलेला सागवानी 'वागीश्वरी', ते कॅमेरे तिथून देशभर गेलेत. पितळ ब्रासोने घासू नका, त्यावर लॅकरचा (पारदर्शक वार्निशचा) मूळ थर असतो तो गेला की गेला. कोरड्या ब्रशने धूळ झटका, एवढं बास. मग रात्री दिवे घालवून भात्यात मोबाईलचा टॉर्च ठेवा आणि बाहेरून कोपरे बघा, भोकं बहुतेक घडीच्या कोपऱ्यावरच असतात. तिथे काळ्या पातळ कापडाचा तुकडा आणि लवचिक राहणारा गोंद. इलेक्ट्रिकची काळी टेप नको, जाड होते आणि भाता मिटत नाही.

मागची घासलेली काच, जिच्यावर चित्र बघून फोकस करतात, ती घरी बनते. साधी २ मिमी काच, ४०० किंवा ६०० नंबरची कार्बोरंडम पावडर, थोडं पाणी, आणि दुसऱ्या छोट्या काचेने गोल गोल घासत बसायचं. बसवताना घासलेली बाजू लेन्सकडे. आता सगळ्यात महत्त्वाचं, चौकटीच्या कडेपासून त्या घासलेल्या बाजूपर्यंतची खोली व्हर्नियर कॅलिपरने मोजा (लेथवाल्याकडे असतो), मग डार्क स्लाईडमध्ये (प्लेट ठेवायच्या उजेडबंद चौकटीत) प्लेटच्या जाडीची काच घालून तिच्या पुढच्या बाजूपर्यंतची खोली मोजा. दोन्ही माप एकच यायला हवं. फरक निघाला तर तुम्ही डोळ्यावर फोकस कराल आणि शार्प येईल कान, आणि लोक उगाच लेन्सला दोष देत बसतात.

आणि तो खोका! काचा कडेने धरा, पाण्याने अजिबात धुऊ नका, प्रत्येकीला वेगळं ॲसिड-फ्री पाकीट करून उभ्या ठेवा. एखादी काच तिरकी धरून चेहऱ्यावर उजेड पाडून बघा, डोळ्यांखाली, गालावर पेन्सिलीचे बारीक बारीक फटकारे दिसतील. ते रिटचिंग, म्हणजे निगेटिव्हवर हाताने केलेली दुरुस्ती. निगेटिव्हवर पेन्सिल पडली की प्रिंटमध्ये तेवढी जागा उजळ येते. ती रेघ आजोबांच्याच हातची असेल, लॉबीतल्या माणसाला याची काय किंमत कळणार?

प्रश्न : माझ्याकडे हाफ प्लेट कॅमेरा आहे पण त्या साईजची फिल्म दुकानात कुणी ऐकलेलीच नाही. काय करू? — एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : इलफोर्ड कंपनी वर्षातून एकदा आगाऊ ऑर्डर घेऊन अशा आडमापाच्या फिल्म कापून देते, पण महाग पडतं आणि वाट बघावी लागते. शिकायला एक्स-रे फिल्म घ्या. ८ × १० इंचाच्या एका शीटमधून पावणेपाच × साडेसहाचे बरोबर दोन हाफ प्लेट निघतात. ग्रीन सेन्सिटिव्ह (हिरवा उजेड टिपणारी) मागा, लाल दिव्यात कापता येते आणि लाल दिव्यातच डेव्हलप होताना डोळ्यांनी बघता येते, शिकणाऱ्याला याच्यासारखं सुख नाही. स्पीड (आयएसओ) साधारण ५० ते ८० धरून सुरुवात करा. इमल्शन, म्हणजे उजेड टिपणारा लेप, दोन्ही बाजूंना असतं म्हणून ओली असताना पटकन ओरखडे पडतात, ट्रेच्या तळाशी गुळगुळीत काच ठेवा आणि एका वेळी एकच शीट. डार्क स्लाईड काचेच्या प्लेटसाठी असेल तर फिल्मच्या मागे काचेचा तुकडा घाला, स्प्रिंग मागून ढकलते त्यामुळे फिल्मची पुढची बाजू जागेवर राहते.

एक लक्षात ठेवा, या फिल्मला लाल रंग दिसत नाही. कुंकू काळं येतं, ओठ गडद येतात, सावळा रंग आणखी सावळा येतो. म्हणून चेहऱ्याला थोडं जास्त एक्सपोजर द्या आणि खिडकीसमोरच्या बाजूला पांढरी चादर टांगा. ज्या माणसाचा रंग जसा आहे तसाच हवा असेल तर पैसे जमवून पॅनक्रोमॅटिक, म्हणजे सगळे रंग टिपणारी, फिल्मच घ्या. माणूस गोरा दिसावा म्हणून नाही म्हणत मी, तो आहे तसा दिसायला हवा म्हणून.

प्रश्न : आईचे पोर्ट्रेट काढते, फोकस करून प्लेट घालेपर्यंत ती हलते आणि डोळे मऊ, धूसर येतात. शटर नाही, लेन्सची टोपीच काढते. — एक वाचक, पुणे

उत्तर : १२ इंची (फोकल लेन्थची) लेन्स एफ ४.५ वर, म्हणजे तोंड मोठं उघडलेलं, माणूस सहा फुटांवर, तर शार्प पट्टा जेमतेम दोन-तीन इंचांचा, त्यात हललं की संपलं. एफ ११ करा, म्हणजे तोंड लहान. लेन्सखाली दोरा बांधा, फोकस झाल्यावर तो ताणून आईच्या डोळ्याच्या कोपऱ्यापाशी येईल तिथे गाठ मारा. प्लेट घातली की परत ताणून बघा, गाठीपाशी डोळा आला की दोरा सोडायचा आणि टोपी काढायची. खुर्ची उंच पाठीची, भिंतीला टेकवून. खिडकीच्या उजेडात एक-दोन सेकंद लागतील. लेन्स १२ इंची आणि भाता १२ ऐवजी १५ इंच ताणलेला असेल तर वेळ दीडपट करा, १८ असेल तर सव्वादोनपट. आणि आईला श्वास रोखायला सांगू नका, चेहरा ताठ होतो. श्वास सोडून झाला की टोपी काढा.