१२ व्होल्ट आणि १.७५ अँपिअरवरून बल्बचा रेझिस्टन्स ६.८६ ओहम येतो, मग मल्टिमीटर ०.८ ओहम का दाखवतो? आणि पॉवर कुठल्या सूत्राने काढायची?

तुमचं गणित बरोबर आहे आणि मीटरही बिघडलेला नाही. गाडीच्या इंडिकेटरचा बल्ब तुम्ही बॅटरीला जोडलात, पेटलेला असताना करंट मोजलात आणि १२ ला १.७५ ने भागलंत. मग तोच बल्ब सुटा करून ओहमच्या रेंजवर प्रोब टेकवलेत. म्हणजे एकदा तापलेला बल्ब मोजला आणि एकदा गार. फिलामेंटच्या, म्हणजे बल्बातल्या पेटणाऱ्या बारीक तारेच्या, बाबतीत ह्या दोन जवळजवळ वेगळ्या वस्तू आहेत.

आधी पॉवर उरकून घेऊ. व्होल्टेज गुणिले करंट, १२ × १.७५ = २१ वॅट. बल्बच्या धातूच्या टोपीवर बारीक अक्षरात बहुधा हाच आकडा सापडेल. पुस्तकात आणखी दोन सूत्रं असतात: करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स, आणि व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स. ती काही स्वतंत्र नाहीत, पहिल्याच सूत्रात ओहमचा नियम (व्होल्टेज म्हणजे करंट गुणिले रेझिस्टन्स) घातला की निघतात. पण व्होल्टेज आणि करंट दोन्ही मोजलेले असतील तर मी त्यांच्या वाटेला जात नाही. का, ते तुमच्या बल्बवरच बघा. मीटरवरचे ०.८ ओहम घेऊन तिसरं सूत्र लावलं तर १४४ ÷ ०.८ = १८० वॅट! इंडिकेटरच्या बल्बातून १८० वॅट. सूत्राची चूक नाही, त्यात गार रेझिस्टन्स घातला ही चूक. ६.८६ घाला, बरोबर २१ येतील.

त्या ०.८ मध्येही थोडी भेसळ आहे. दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवून बघा, ०.२ च्या आसपास काहीतरी दिसेल. तो मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रेझिस्टन्स. एरवी तो कुणी मोजत नाही, पण एक ओहमच्या खालच्या वस्तूला वजा करावाच लागतो. म्हणजे गार फिलामेंट साधारण ०.६ ओहमची.

०.६ ची ६.८६ झाली म्हणजे अकरा पटींहून जास्त वाढ. फिलामेंट टंगस्टन धातूची असते, आणि टंगस्टन तापला की त्याचा रेझिस्टन्स वाढतो, खोलीच्या तापमानाजवळ दर अंशाला साधारण ०.४५ टक्के. ह्यावरून ढोबळ हिशेब केला तरी पेटलेली फिलामेंट दोन हजार अंश सेल्सिअसच्या वर गेलेली आहे हे कळतं. मला हा भाग फार आवडतो: काचेला हात न लावता, नुसत्या भागाकारावरून आतलं तापमान.

आता बटण दाबतानाचा क्षण घ्या. फिलामेंट अजून गार आहे, तेव्हा १२ ÷ ०.६ = २० अँपिअर. वायरिंगच्या रेझिस्टन्समुळे प्रत्यक्षात थोडा कमी, आणि तोही क्षणभरच. फिलामेंट तापली की करंट १.७५ वर येऊन बसतो. जुने बल्ब बहुतेकदा लावतानाच का उडतात, ते ह्या धक्क्यामुळे.

मग ओहमचा नियम खोटा का? नाही. जॉर्ज ओहम ह्यांनी १८२७ साली तो मांडला तेव्हापासून तापमान स्थिर ठेवण्याची अट त्याला चिकटलेलीच आहे. तुमच्याकडे ६ व्होल्टची बॅटरी असेल तर हाच बल्ब तिच्यावर लावा. सरळ हिशेबाने करंट निम्मा, ०.८७५ अँपिअर यायला हवा. प्रत्यक्षात एक अँपिअरच्या वर भरेल, कारण फिलामेंट कमी तापलेली असते. साधा कार्बन किंवा मेटल फिल्म रेझिस्टर घेतलात तर मात्र निम्म्याला निम्मा मिळेल, फक्त तो किती वॅटचा आहे ते आधी बघा. पाव वॅटच्या रेझिस्टरमधून एक वॅट घालवलात तर आधी वास येतो, मग धूर.

एलईडीला किंवा मोटरला मात्र हा भागाकार लावून त्याला रेझिस्टन्स म्हणू नका. एसी करंटवर, म्हणजे घरच्या विजेवर, चालणाऱ्या मोटरला तर व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे खरे वॅटही नव्हेत, त्यात पॉवर फॅक्टर (खरे वॅट भागिले तो गुणाकार) येतो. तो वेगळाच विषय आहे.

मोजताना एवढं बघा. बॅटरीवर छापलेले १२ धरू नका, बल्ब पेटलेला असताना त्याच्या दोन टोकांवरचं व्होल्टेज मोजा, ११.६ निघालं तर दोन्ही उत्तरं बदलतील. मीटर मिलीअँपिअर दाखवत असेल तर आधी हजाराने भागा, नाहीतर २१ वॅटचे २१ हजार होतात. ओहमच्या रेंजवर मोजताना बल्ब बॅटरीपासून सुटा हवा, हे तुम्ही केलंच आहे. आणि करंट मोजून झाला की लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकातून काढून पुन्हा व्होल्टच्या भोकात घाला, मगच बॅटरीकडे वळा. मी एकदा ती तशीच ठेवून बॅटरीचं व्होल्टेज बघायला गेलो. मीटर त्या भोकात जवळजवळ शून्य ओहमचा असतो, त्यामुळे टिचकी वाजली, ठिणगी उडाली आणि आतला फ्यूज गेला. बॅटरीच्या टोकावरचा काळा डाग अजून आहे.