कट्ट्यावर जाणाऱ्या मित्रास

प्रिय मित्रा,

कोयते निघायच्या आत पोरांची भांडणं थांबवायला तू वस्तीतल्या कट्ट्यावर जातोस, पण पोरं उडवून लावतात, असं लिहिलंयस. लावणारच. फॉर्म भरून घेणारे आणि फोटो काढून जाणारे लोक त्यांनी ढीगभर पाहिलेत. त्यात तू जातोस सकाळी अकराला! पुण्यातल्या कुठल्याही वस्तीत कट्टा भरतो रात्री जेवणं झाल्यावर. तेव्हा जा, नुसता बस. उपदेश तर अजिबात नको.

भांडण कोयता निघायच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं. कुणाचं स्टेटस, कुणी दिलेली खुन्नस, दहीहंडीत लागलेला धक्का. तिथून बदला घेईपर्यंत बहुतेक वेळा एखादी रात्र मध्ये जाते आणि तुझं खरं काम त्या रात्रीत आहे. चूक कुणाची हे ठरवत बसू नकोस. पोराला तिथून उठव, भुर्जीच्या गाडीवर बसवून ठेव, दोन दिवस मावशीकडे धाड. राग ओसरला की पुढचं बोलता येतं.

शिकागोत गॅरी स्लटकिन या साथरोगतज्ज्ञानं २००० साली हेच धरलं: हिंसा साथीसारखी पसरते, तर पुढची लागण तोडा. त्यासाठी माणसं घेतली ती त्याच गल्ल्यांतली, काही तर तुरुंगात जाऊन आलेली. तूही असा एखादा शोध, ज्यानं सगळं सोडून रिक्षा धरलीय. तुझ्या एमएसडब्ल्यूपेक्षा, म्हणजे समाजकार्याच्या पदवीपेक्षा, त्याचा शब्द जड. राग मानू नकोस.

भाई लोक पोरांना सांगतात, 'तू अठराच्या आतला, लगेच सुटशील.' अर्धंच खरं आहे ते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यानुसार सोळा पूर्ण झालेल्या मुलावर खुनासारखा गुन्हा असेल, तर बाल न्याय मंडळ प्राथमिक चौकशी करून खटला प्रौढासारखा चालवायला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. आणि मुलांना गुन्ह्यात वापरणाऱ्या प्रौढाला ७ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाख रुपये दंड, हेही त्याच कायद्यात आहे. हे कट्ट्यावर नको, त्यांच्या आयांना सांग. त्या हा विषय बरोबर वेळी काढतात.

पोलिसांचा खबऱ्या ठरलास की तुझं येणंजाणं संपलं. पण कुणाच्या जिवावर बेततंय असं दिसलं तर ११२ लावायचाच. हे पोरांना पहिल्याच आठवड्यात तोंडावर सांगून टाक, म्हणजे नंतर दगा वाटणार नाही.

तू लिहिलेला तो आठवीत शाळा सुटलेला पोरगा. त्याला १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे शाळेत न जाता बाहेरून, दहावीला बसता येईल. शाळा सोडल्याचा दाखला लागेल आणि तो आणायला तो एकटा जाणार नाही, लाज वाटते. सोबत जा. फॉर्मची मुदत दहावीचं परीक्षा मंडळ दरवर्षी जाहीर करतं, ती आधी बघून ठेव.

तुझा,
दादा