ढग भरपूर, पाऊस नाही

लेकरा,

तुझा मेसेज परवाच वाचला होता पण मोबाईलवर दोन ओळीत उत्तर देण्यासारखा नव्हता, म्हणून आज रविवारी निवांत बसून लिहायलेय. बीएस्सी सेकंड इयरला आहेस, फिजिक्स आवडतं, हिंगोलीच्या औंढ्याला लायगो, म्हणजे अवकाशात उठणाऱ्या गुरुत्वीय लहरी पकडणारी वेधशाळा, होणार म्हणून गावात सगळे ब्लॅक होल ब्लॅक होल करायलेत अन् तुलाही त्याच्यातच जायचंय, पण बाबा विचारायलेत की पुढं काय, त्यांना काय सांगू. बाबांचा प्रश्न बरोबर आहे, त्याच्याकडं येतेच, पण आधी तुझ्या डोक्यातली एक सरमिसळ मोकळी करते.

लायगो जी कृष्णविवरं ऐकतं ती वेगळी अन् मी ज्यांच्या मागं वीस वर्षं आहे ती वेगळी. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या दोन लायगोंनी पहिली लहर पकडली ती सूर्याच्या ३६ पट आणि २९ पट अशा दोन कृष्णविवरांच्या टकरीची होती, मिळून एक झालं ते ६२ पटीचं, अन् मधलं ३ सूर्यांएवढं वस्तुमान लहरी होऊन निघून गेलं. औंढ्याजवळ चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा उभ्या राहणार आहेत (२०२३ मध्ये केंद्र सरकारनं २६०० कोटींची मंजुरी दिली) त्या असल्याच टकरी ऐकतील. माझी कृष्णविवरं गॅलक्सीच्या, म्हणजे अब्जावधी ताऱ्यांच्या समूहाच्या, पोटात बसलेली असतात. आपल्या आकाशगंगेच्या मधोमध आहे ते सूर्याच्या साधारण ४३ लाख पट, अन् एप्रिल २०१९ मध्ये जो पहिला फोटो जगभर फिरला, ते एम ८७ गॅलक्सीतलं ६५० कोटी पट. असली दोन एकमेकांभोवती फिरतात तेव्हा एक लहर जायलाच वर्षं लागतात, ते लायगोला ऐकू येत नाही, त्याच्यासाठी ठरावीक वेळानं रेडिओ ठोके देणाऱ्या पल्सार ताऱ्यांचा घड्याळासारखा वापर करतात. २०२३ च्या जूनमध्ये अशा लहरींचा पुरावा जाहीर झाला त्यात आपल्या नारायणगावजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीची मोजमापं होती. हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की ब्लॅक होलमध्ये करिअर असं काही नसतं, तुझा प्रश्न कोणता ते तुलाच शोधावं लागतं, अन् त्याला वेळ लागतो.

माझा प्रश्न मला कसा सापडला ते सांगते.

आमच्याकडं जिंतूरच्या बाजूला कोरडवाहू शेती. जून-जुलैत माझा बाप ओट्यावर बसून आभाळाकडं बघायचा, ढग भरून यायचे, अंधारून यायचं, वारा सुटायचा अन् सगळं अंगावरून निघून जायचं. तुला हे मी काय सांगावं. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तेव्हा तू प्राथमिक शाळेत असशील. ढग म्हणजे पाऊस नाही हे आपल्याकडच्या लेकराला कुणी शिकवावं लागत नाही.

पीएचडीच्या पहिल्या वर्षात एका लेक्चरला बसले होते, गॅलक्सींचे जे मोठे थवे असतात, शेकडो-हजारो गॅलक्सी एकत्र, त्यांच्यावर. त्या थव्यात जो वायू भरलेला असतो तो सगळ्या ताऱ्यांच्या वजनापेक्षा कितीतरी जास्त असतो, पण त्याचं तापमान कोटी-कोटी अंश असतं, इतकं की तो एक्स-रेमध्ये चमकतो. तारा व्हायला वायू थंड लागतो. हिशोबानं हा वायू हळूहळू थंड होऊन मधल्या गॅलक्सीवर कोसळायला पाहिजे अन् तिथं वर्षाला शेकडो तारे जन्मायला पाहिजेत, पण प्रत्यक्षात बघितलं तर तेवढे तारे जन्मतच नाहीत. सर फळ्यावर समीकरण मांडायले होते अन् मला बापाचा ओटा दिसायला लागला. ढग भरपूर, पाऊस नाही. का नाही? त्या दिवसापासून तो प्रश्न माझा झाला तो आजपर्यंत आहे.

उत्तर अर्धं-मुर्धं कळालंय. ययाती तारकासमूहाच्या दिशेला जो गॅलक्सींचा थवा आहे त्यात, म्हणजे आपल्यापासून अंदाजे २४ कोटी प्रकाशवर्षं, चंद्रा दुर्बिणीनं एक्स-रे फोटो काढले त्यात त्या गरम वायूत मोठमोठे बुडबुडे दिसतात. मधल्या गॅलक्सीतलं कृष्णविवर दोन्ही बाजूंनी झोत सोडतं, ते झोत वायूला ढकलतात, ढवळतात, थंड होऊ देत नाहीत. आता आकार बघ. आपल्या आकाशगंगेतल्या कृष्णविवराची त्रिज्या सव्वा-दीड कोटी किलोमीटरच्या आत येते, बुधाच्या कक्षेत आरामात बसेल, अन् आकाशगंगा आहे लाखभर प्रकाशवर्षांची. एवढ्याशा गोष्टीनं एवढ्या मोठ्या गॅलक्सीचं भवितव्य कसं ठरावं? तर कृष्णविवरात पडणारं वस्तुमान पडता पडता स्वतःच्या दहा टक्क्यांच्या आसपास ऊर्जा बाहेर टाकू शकतं, सूर्याच्या पोटात हायड्रोजन जळतो तिथं हेच प्रमाण ०.७ टक्के आहे. ऊर्जा पुरेशी आहे हे पटतं. पण ती वायूत नेमकी मुरते कशी, अन् लहान गॅलक्सीत हेच घडतं का, यावर अजून भांडणं चालू आहेत. त्यात जेम्स वेब दुर्बिणीनं विश्वाच्या अगदी सुरुवातीच्या काळात अपेक्षेपेक्षा खूप मोठी कृष्णविवरं दाखवून आमची गणितं परत उघडायला लावली. म्हणजे तुझ्यासाठी काम शिल्लक आहे, ती काळजी करू नको.

आता एक चूक सांगते, ही माझी स्वतःची. पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी मी दोन याद्या जुळवल्या, रेडिओ झोत असलेल्या गॅलक्सी एकीकडं, नसलेल्या एकीकडं, अन् बघितलं तर झोतवाल्या स्पष्ट लाल निघाल्या. लाल म्हणजे नवे तारे बंद झालेल्या. मला वाटलं सापडलं, झोतांनीच तारे बंद केले, पेपर लिहिला, पाठवला. परीक्षकानं एकच ओळ विचारली, दोन्ही गटांची वजनं सारखी आहेत का. नव्हती. रेडिओ झोत जास्त करून वजनदार गॅलक्सींतच दिसतात अन् वजनदार गॅलक्सी झोत असो नसो आधीच लाल असतात. वजन सारखं करून परत मोजलं तर माझा फरक जवळजवळ सगळा गेला. अकरा महिन्यांचं काम होतं. मी दोन दिवस खोलीतून बाहेर आले नाही.

तुला हे लगेच कळेल कारण तू क्लासेसच्या जाहिराती बघत मोठी झालीस. अमुक क्लासची एवढी पोरं मेडिकलला लागली म्हणून फोटोसहित बोर्ड लागतात, पण त्या क्लासनं दहावीला पंच्याण्णव टक्केवालीच पोरं घेतली असतील तर ती क्लासमुळं लागली का आधीपासूनच हुशार होती, हे त्या बोर्डवरून सांगता येत नाही. सारख्या मार्कांची पोरं दोन्हीकडं घेऊन बघावं लागतं. आमच्या कामाचा निम्मा भाग हाच आहे, तुलना बरोबरीच्यात करायलोय का नाही ते बघणं. हे कुठल्याच सिलॅबसमध्ये मन लावून शिकवत नाहीत, म्हणून आत्तापासून सवय लाव. पेपरात, बातमीत, कुठंही आकडा दिसला की विचार, कशाशी तुलना केली अन् कोणाला बाहेर ठेवलं.

बाबांना आकडे सांग, गोल-गोल बोलू नको. बीएस्सीनंतर जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन एमएस्सी, दोन वर्षं. मग नेट, जेस्ट, गेट, आयुकाची (पुण्यातली खगोलशास्त्राची संस्था) स्वतःची परीक्षा, यातून पीएचडी. पीएचडीला फी भरत बसायची नसते, उलट फेलोशिप मिळते, सध्या महिन्याला ३७ हजार अन् दोन वर्षांनी ४२ हजार, घरभाडं वेगळं. पाच-सहा वर्षं जातात. नंतर पोस्टडॉक, म्हणजे संशोधनाची तात्पुरती नोकरी, दोन-तीन वर्षांची एक अशा दोन किंवा तीन, बहुतेक परदेशात, अन् कायमची नोकरी लागेपर्यंत वय पस्तिशीच्या आसपास जातं. सगळ्यांना ती लागत नाही, हेही सांग, लपवू नको. माझ्यासोबतचे काहीजण डेटा सायन्समध्ये गेले, काही कॉलेजात शिकवतात, एक दुर्बिणीच्या इलेक्ट्रॉनिक्समध्ये आहे, कुणीही उपाशी नाही अन् कुणाचंही शिक्षण वाया गेलेलं नाही. पण मधल्या दहा-बारा वर्षांत घरी पैसे पाठवणं अवघड जातं अन् लग्नाचा विषय दर दिवाळीला निघतो. मी आईला दरवर्षी तेच सांगितलं, मला जे करायचंय ते मला कळालंय, मला वेळ द्या. तिनं दिला. सगळ्यांच्या आया देतील असं नाही, म्हणून ही गोष्ट शेवटच्या वर्षापर्यंत ढकलू नको, आत्ताच घरात बोलायला लाग, अन् जमलं तर २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाला बाबांना घेऊन नारायणगावजवळच्या खोडदला जा, त्या दिवशी जीएमआरटी लोकांसाठी उघडी असते. ४५ मीटरच्या डिश, एकूण तीस आहेत, मधल्या भागात चौदा, बाकी पंचवीस-पंचवीस किलोमीटरच्या टापूत पसरलेल्या. हे सगळं आपल्याच राज्यात, ज्वारी-कांद्याच्या शेतांच्या शेजारी उभं आहे हे बाबांनी डोळ्यांनी बघितलं की तुला समजावून सांगायचं निम्मं काम कमी होईल.

इंग्रजीचं विचारलंस. मी जिल्हा परिषदेच्या शाळेतली, पहिल्या सेमिनारला पाय लटपटले होते. इंग्रजी येतं, वापरून येतं, रोज एका पेपरचा फक्त सारांश वाच, अर्काइव्ह (arXiv) या पेपरांच्या वेबसाइटवर सगळं फुकट आहे, सुरुवातीला दहातले दोन कळतील. मला जास्त काळजी तुझ्या गणिताची अन् कोडिंगची आहे. पायथन शिक. स्लोन सर्व्हे या आकाशाच्या मोठ्या पाहणीचा डेटा सगळ्या जगाला मोफत आहे, त्यातून हजार गॅलक्सी घे, आडव्या अक्षावर वजन, उभ्या अक्षावर रंग, अन् ठिपके मांड. एक लाल ढीग दिसेल, एक निळा, मधे विरळ. ही गोष्ट सगळ्यांना माहितीये, नवीन काही नाही, पण स्वतः मांडून बघितल्यावर ते ढीग तुझ्याशी बोलायला लागतात, असे का आहेत, मधे कोण आहे, तिथून कोण कुठं चाललंय. लॅपटॉप नसला तर कॉलेजच्या लॅबमध्ये कर. नारळीकर सरांनी १९८८ मध्ये पुण्यात आयुका उभी केली ती विद्यापीठातल्या अन् कॉलेजातल्या लोकांसाठीच, तेव्हा आपण लहान कॉलेजातले म्हणून तिथं जायला लाजू नको, उन्हाळ्यातल्या ट्रेनिंगला अर्ज कर, नाही झालं तर पुढच्या वर्षी परत कर.

आणि डिग्री हातात येईपर्यंत काही बघायचंच नाही असं करू नको. २००७ मध्ये गॅलक्सी झू नावाचा प्रकल्प सुरू झाला, सामान्य लोकांनी गॅलक्सींचे फोटो बघून आकार सांगायचे. त्याच वर्षी हॉलंडमधल्या एका शाळेतल्या बाईंना एका गॅलक्सीच्या बाजूला विचित्र रंगाचा डाग दिसला, त्यांनी फक्त विचारलं, हे काय आहे. तो वायूचा मोठा ढग निघाला, शेजारच्या गॅलक्सीतल्या कृष्णविवराच्या उजेडानं पेटलेला, अन् ते कृष्णविवर आता मंदावलेलं. उजेड देणारा विझत आला तरी त्याचा उजेड ढगावर अजून आहे. असल्या ढगांवर नंतर लोकांनी कितीतरी पेपर लिहिले.

तुला एक काम देते. कार्तिक अमावस्येच्या आसपास रात्री साडेआठ-नऊला शेतात जा, एकटी नको, भावाला नाहीतर बाबांना घेऊन जा. उत्तरेला शर्मिष्ठा तारकासमूहाचा इंग्रजी एम (M) दिसेल, त्याचा जो जास्त टोकदार कोन आहे तो ज्या दिशेला बोट दाखवतो तिकडं जवळजवळ डोक्यावर देवयानी तारकासमूह आहे. मोबाईल बंद, डोळ्यांना वीस मिनिटं अंधाराची सवय होऊ दे. पुसट, लांबट, धुरासारखा एक ठिपका दिसतो. ती दुसरी गॅलक्सी, उजेड निघून २५ लाख वर्षं झालीत, अन् तिच्या पोटात सूर्याच्या दहा कोटींहून जास्त पटीचं कृष्णविवर आहे जे सध्या शांत बसलंय. काय दिसलं ते जसं दिसलं तसं लिहून पाठव, किती वाजता, आभाळ कसं होतं, सरळ बघून दिसलं का थोडं तिरकं बघून, बाबांना दिसलं का. नाही दिसलं तर तेही लिही, किती वाजता नाही दिसलं ते.

तुझी,
ताई