कारखाना बंद, विहीर पिवळीच: भरपाईच्या कागदावर सही करावी का?

प्रश्न : आमच्या शेताला लागून क्रोमियमचे क्षार बनवणारा कारखाना होता. तो आठ वर्षांपूर्वी बंद पडला, गाळ मात्र आवारात उघड्यावर पडून आहे. विहिरीला पिवळं पाणी येतं, आईच्या हातापायांवरच्या जखमा भरत नाहीत. आता ती जमीन घेतलेली कंपनी घरटी ठरावीक रक्कम देऊन ‘यापुढे कोणतीही तक्रार नाही’ असं स्टॅम्पपेपरवर लिहून मागते आहे. गावातले म्हणतात, तशीही दाव्याची मुदत संपलीय. काय करावं?

उत्तर : सही करू नका. रक्कम कमी की जास्त, हा पुढचा प्रश्न. अजून पुरतं झालेलंच नाही अशा नुकसानीवर हा कागद तुम्हाला पाणी सोडायला लावतो. गाळ तिथे आहे तोवर दर पावसाळ्यात त्यातलं क्रोमियम जमिनीत मुरत राहणार.

भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर काय झालं ते पाहा. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती अपुरी पडली म्हणून केंद्र सरकारनेच वाढीव रक्कम मागितली, आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. सरकारला जमलं नाही ते एकट्या शेतकऱ्याला जमेल, या भरवशावर राहू नका. तुमच्या सहीने प्रदूषण नियंत्रण मंडळ किंवा राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण (पर्यावरणाचे दावे चालवणारं खास न्यायालय) यांचे हात बांधले जात नाहीत. अडकेल तो तुमचा स्वतःचा दावा.

मुदतीबाबत गावकऱ्यांचं म्हणणं अगदीच चूक नाही. हरित न्यायाधिकरण कायद्याच्या कलम १५ नुसार भरपाईचा अर्ज, दाव्याचं कारण पहिल्यांदा घडल्यापासून पाच वर्षांत करावा लागतो. सबळ कारण असेल तर वर आणखी ६० दिवस. समोरचा वकील तुमच्याच सातबारावरची पीकपाहणी काढेल, जमीन कोणत्या वर्षी पड पडली ते दाखवेल आणि म्हणेल, ‘यांना तेव्हाच कळलं होतं.’ गंमत म्हणजे, हाच उतारा नुकसानीचा तुमचा सर्वांत चांगला पुरावाही आहे. तो लपवायचा नाही. आपलं म्हणणं असं मांडायचं, की पीक बुडालं हे तेव्हा कळलं, ते क्रोमियममुळे बुडालं हे तपासणी अहवाल हाती आल्यावरच कळलं. हे टिकेलच अशी हमी मी देणार नाही, म्हणून उशीर नको. जागा आणि पाणी स्वच्छ करून देण्याची मागणी मला जास्त भक्कम वाटते, कारण प्रदूषण आजही चालू आहे. दोन्ही मागा.

‘आम्ही फक्त जमीन घेतली’ असं नवी कंपनी म्हणणारच. जुनी कंपनी, नवी कंपनी आणि मंडळ, तिघांनाही प्रतिवादी करा. राजस्थानातल्या बिछडी गावात एच-ॲसिडचा (रंग बनवायला लागणाऱ्या रसायनाचा) कारखाना थोडाच काळ चालला, पण सुमारे अडीच हजार टन गाळ मागे ठेवून गेला आणि विहिरी नासल्या. धोकादायक उद्योग करणाऱ्याने काळजी घेतली होती की नाही हे न पाहता नुकसान त्यानेच भरायचं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये सांगितलं. तरीही २०११ मध्ये ३७ कोटींहून अधिक रक्कम १२ टक्के चक्रवाढ व्याजासह भरण्याचा आदेश काढावा लागला. लढाई लांबते, सगळ्या बाधित घरांनी मिळून अर्ज करा.

पाण्याचा खासगी अहवाल असेल तर जपून ठेवा, पण बाटली कुणी भरली, सील होतं का, हे विचारलं जाईलच. मंडळाला लेखी अर्ज देऊन पंचनाम्यासह नमुना घ्यायला लावा. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची (क्रोमियमच्या जास्त विषारी रूपाची) तपासणी साधारण २४ तासांत व्हावी लागते, हेही अर्जात लिहा. पिण्याच्या पाण्यात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे, आणि इतक्या प्रमाणात पाण्याला रंगही येत नाही. डोळ्यांना पिवळं दिसतंय म्हणजे ते पिण्याला, अंघोळीला आजपासून बंद. कारखान्याचं जुनं संमतीपत्र (मंडळाने कारखाना चालवायला दिलेली परवानगी) आणि गाळाच्या विल्हेवाटीच्या नोंदी माहिती अधिकारात मागवा. केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित जागांसाठी नियम अधिसूचित केले आहेत. त्यांचा हवाला देऊन ही जागा संशयित म्हणून मंडळाला कळवा, असा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्या.

कंपनी टँकर देत असेल तर घ्या, मात्र पावतीवर ‘सर्व हक्क राखून’ असं लिहूनच सही करा. वकिलाच्या खर्चाची चिंता असेल तर आईंच्या नावाने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो. जाताना जखमांवरच्या उपचाराची सगळी जुनी कागदपत्रं तारखेप्रमाणे लावून न्या.