पहिलीला घातलंय पोराला? सुरुवातीला एवढंच बघा

ताई, घाबरू नका, माझी दोन्ही पोरं पहिलीतनं गेलीत. सुरुवातीलाच अक्षर सुंदर पाहिजे म्हणून मागं लागू नका, बोटं अजून कोवळी असतात, थोरल्याला मी रोज पान-पान गिरवायला लावायची आणि तो पेन्सिल इतकी दाबायचा की कागद फाटायचा, चूक माझीच. त्यापेक्षा कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरायला जाताना दुकानांच्या पाट्या वाचायला लावा, रात्री दहा मिनिटं गोष्ट वाचून दाखवा.

- दप्तर पोराच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आतच, केंद्र सरकारच्या २०२० च्या दप्तर धोरणात आहे तसं, आणि दुसरीपर्यंत होमवर्क नको हेपण.
- डब्याचं झाकण, चेन स्वतःला उघडता आली पाहिजे.
- जूनमध्ये आपल्याकडं पाऊस, सॉक्सची जादा जोडी द्या.

जोडाक्षरं, पाढे नंतर बघू.