मधला 'पी' कुठे गेला?

"मॅडम, खेळायचं जमलं नाही म्हणून पीटी शिकतोय, पुढं काय होणार माझं?" हे वाक्य मी समुपदेशक म्हणून गेल्या काही वर्षांत इतक्या तोंडून ऐकलंय की आता त्यावर लिहायलाच पाहिजे असं वाटलं. शारीरिक शिक्षणाच्या पदव्या घेणारे बी.पी.एड.वाले, एम.पी.एड.वाले, बारावीनंतर बी.पी.ई.एस. घेतलेले, स्पोर्ट्स मॅनेजमेंटला लाखभर फी भरून बसलेले, सगळ्यांचा सूर तोच. आणि आईवडील आले की शब्द बदलतो, ते म्हणतात "याला स्कोप आहे का?"

एका मुलीची गोष्ट सांगते. तिची परवानगी आहे, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

सांगली जिल्ह्यातली, खो-खो खेळणारी. शाळेपासून खेळत होती, राज्य पातळीपर्यंत गेली. बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला एका मॅचमध्ये खांबाजवळ वळताना डावा पाय रुतला आणि गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं, वर्ष गेलं, पळता येतं आता पण तशी हुलकावणी देता येत नाही. मग पुण्यात बी.पी.एड.ला अॅडमिशन घेतली. झोप लागत नाही, कॉलेजला जावंसं वाटत नाही, म्हणून मैत्रीण तिला माझ्याकडे घेऊन आली.

पहिल्या दिवशी आमच्याकडे एक साधा फॉर्म भरायचा असतो, नाव, वय, शिक्षण वगैरे. तिने शिक्षणाच्या रकान्यात लिहिलं, बी.एड. दुसऱ्या सेशनला खुर्चीत बसता बसताच म्हणाली,

"मॅडम, मी फॉर्ममध्ये खोटं लिहिलंय."

"काय?"

"बी.एड. नाही, बी.पी.एड. आहे. सवय झालीय. गावात सगळ्यांना आई बी.एड.च सांगते. मला पण म्हणाली मधला पी गाळून सांगत जा, लग्नाच्या बायोडेटात पण तसंच लिहिलंय. काका म्हणाले पीटी शिकायला पुण्याला जायचं असतं व्हय, दोन हात वर दोन हात खाली, त्यात शिकायचं काय."

हे सांगताना तिला रडू आलं नाही. रडू आलं ते पुढच्या गोष्टीला. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो वर्ल्ड कपची फायनल होती, आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० ने हरवलं, कॅप्टन आपली महाराष्ट्राची प्रियंका इंगळे. हॉस्टेलवर सगळ्या मुली मोबाईलभोवती गोळा होऊन ओरडत होत्या, आणि ही बाथरूमची कडी लावून नळ सोडून बसली होती. "ज्या खेळाला कोण विचारत नव्हतं तेव्हा मी खेळले मॅडम, आणि आता वर्ल्ड कप आला तर मी काय करतीय, नुसतं बी.पी.एड."

हा 'नुसतं' शब्द मी वहीत लिहून ठेवला. पुढच्या दोन सेशनमध्ये तो किती वेळा आला ते मोजलंच नाही शेवटी, नुसतं बी.पी.एड., नुसती पीटीची मॅडम, नुसतं ग्राउंड.

इथे थोडं थांबून माझं मत सांगते. मी अल्बर्ट एलिस या मानसशास्त्रज्ञाच्या विचारांवर घडलेली समुपदेशक आहे, आणि त्याचं एक म्हणणं मला रोज उपयोगी पडतं, ते म्हणजे कृतीला मार्क द्यावेत, माणसाला देऊ नयेत. या मुलीने गुडघा तुटल्याबरोबर अख्ख्या स्वतःलाच शून्य मार्क देऊन टाकले होते. अशा वेळी आपण सगळे काय करतो तर स्कोप सांगत बसतो, अगं नोकऱ्या आहेत, लीग आल्यात, जिम आहेत. माहिती खरी असते पण ती पोचत नाही, कारण तिने प्रश्न नोकरीचा विचारलेलाच नसतो. "पुढं काय होणार" या एका वाक्यात दोन प्रश्न गुंतलेले असतात, पोट कसं भरेल हा एक आणि माझी किंमत काय हा दुसरा. दुसरा सोडवल्याशिवाय पहिल्याचं उत्तर कानात शिरत नाही हे मी खूप मुलांबरोबर बसून शिकलेय. म्हणून मी तिला पहिले काही आठवडे स्कोपबद्दल एक शब्द बोलले नाही.

चौथ्या की पाचव्या सेशनला ती उशिरा आली, हातांच्या रेषांमध्ये पांढरं अडकलेलं. इंटर्नशिपच्या शाळेत स्पोर्ट्स डे होता, ग्राउंड आखून आली होती. मी सहज विचारलं की चारशे मीटरला ती मुलं पुढेमागे उभी करतात ती अंदाजाने करता का.

तिने माझ्याकडे अशी नजर टाकली की मी काहीतरी फार चुकीचं बोलले. "अंदाजाने कसं चालेल मॅडम?" म्हणाली आणि टेबलावरचं माझं पॅड ओढून घेतलं. दोन सरळ रेघा, दोन अर्धगोल. "ही दोन्ही वळणं जोडली की एक पूर्ण गोल होतो ना, बाहेरच्या लेनवाल्याचा गोल मोठा, म्हणजे तो जास्त पळणार, तेवढं त्याला पुढं उभं करायचं. पण मोजायचं कुठून? आतल्या कडेला उंच कर्ब, म्हणजे कठडा, असेल तर पहिल्या लेनला कर्बपासून तीस सेंटीमीटरवर मोजायचं, बाकीच्या लेनला रेघेपासून वीस. लेनची रुंदी १.२२ मीटर. मग पहिल्या दोन लेनमधला फरक येतो १.१२, त्याला दोन पाय (π) ने गुणा, ७.०४. दुसऱ्या लेनवाला ७.०४ मीटर पुढं, तिसरा १४.७०." पेन थांबत नव्हतं. "पण आज शाळेत कर्ब नव्हता, फक्कीची रेघ होती, मग आम्ही पहिल्या लेनला पण वीसच धरतो, आणि तिथं ७.०४ नाही, ७.६७ येतं. त्या शाळेत दरवर्षी ७.०४ नेच आखत होते. आम्ही ते सरांना दाखवून दुरुस्त केलं."

मी पॅडकडे बघत नव्हते, ऐकत होते.

"आत्ता दोनदा 'आम्ही' म्हणालीस. आम्ही म्हणजे कोण?"

ती गप्प झाली. आतापर्यंत तिचा 'आम्ही' एकच होता. आम्ही नागपूरला गेलो, आम्ही सेमीला हरलो, म्हणजे ती नऊ जणींची टीम, जी गुडघ्याबरोबर तिच्या हातून गेली होती. त्यानंतर माझ्यासमोर ती नेहमी 'मी' म्हणूनच बोलली, एकटी. आणि आज तिच्याही नकळत नवा 'आम्ही' आला. मी काही सुचवलं नाही. खूप वेळ गेला, बाहेर रिक्षाचा हॉर्न वाजत होता तो पण आठवतोय.

मग हळू आवाजात म्हणाली, "आम्ही म्हणजे... आम्ही पीटीवाले."

आणि हसली. हात पुसायला रुमाल काढला, मग तो तसाच ठेवला.

इतक्या वर्षांत मला हे कळलंय की माणूस बरा व्हायला लागला की आधी सर्वनाम बदलतं, मूड नंतर बदलतो. हे मला कुठल्या कोर्समध्ये शिकवलेलं नाही, हे माझं आहे, आणि त्या दिवशी योग्य जागी थांबून तो एक प्रश्न विचारता आला याचं मला खरंच समाधान आहे. मी तिला 'तू भारी आहेस' वगैरे म्हटलं असतं तर तिने ते खिशातसुद्धा ठेवलं नसतं. ७.६७ तिचं स्वतःचं होतं.

त्यानंतरच आम्ही स्कोपवर बोललो, आणि त्या सेशनला मी तिच्या वडिलांना बोलावलं. साखर कारखान्यात हंगामी काम करणारा माणूस, टोपी मांडीवर ठेवून बसले. म्हणाले, "मॅडम, मला फसवू नका, नोकरी लागती का न्हाई तेवढं सांगा." मला हा प्रश्न आवडतो, आणि त्याला सरळ उत्तर द्यायला हवं असं माझं ठाम मत आहे, म्हणून जे त्यांना सांगितलं तेच इथे सगळ्यांसाठी लिहिते.

अनुदानित शाळेत शारीरिक शिक्षकाची जागा मिळणं अवघड आहे. जागा पटसंख्येवर ठरतात, कमी निघतात, शिक्षक भरतीची टेट परीक्षा आणि सरकारचं पवित्र पोर्टल या वाटेनेच जावं लागतं. फक्त त्याच एका जागेवर डोळा ठेवून पाच वर्षं बसू नका. खाजगी शाळांमध्ये, खासकरून सीबीएसईच्या, माणसं लागतात, तिथे अकरावी-बारावीला फिजिकल एज्युकेशन हा थिअरी-प्रॅक्टिकलसकट घेता येणारा विषय आहे, आणि तो शिकवायला वर्गात उभं राहून बोलता यावं लागतं. कॉलेजात जायचं असेल तर एम.पी.एड. आणि वर नेट किंवा सेट ही प्राध्यापकांसाठीची पात्रता परीक्षा. कोच व्हायचं असेल तर हे लक्षात ठेवा की बी.पी.एड. म्हणजे कोचिंगची पदवी नाही, त्याला पतियाळाच्या एनआयएस या राष्ट्रीय क्रीडा संस्थेसारखा वेगळा डिप्लोमा आहे. राज्याच्या क्रीडा खात्यात क्रीडा अधिकारी असतात, जागा मोजक्या. आणि स्पोर्ट्स मॅनेजमेंट हे आणखी वेगळं, प्रो कबड्डी २०१४ ला आली, अल्टिमेट खो-खो २०२२ ला, अशा स्पर्धांना मॅट टाकण्यापासून खेळाडूंच्या प्रवासापर्यंत सगळं बघणारे लोक लागतात, पण ती कामं बरीचशी हंगामी आणि ओळखीतून मिळणारी, तेव्हा फी भरायच्या आधी कॉलेजला विचारा की मागच्या वर्षीची मुलं आज नेमकी कुठे काम करतायत, आणि त्यातल्या दोघांशी स्वतः बोला. नुसत्या मॅनेजमेंटच्या डिग्रीवर शाळेत शिक्षक होता येत नाही, हे बऱ्याच पालकांना अॅडमिशननंतर कळतं आणि मग ते माझ्याकडे येतात. शिक्षक व्हायचं असेल तर ग्रॅज्युएशननंतरचं दोन वर्षांचं बी.पी.एड. आणि कॉलेजला एनसीटीईची, म्हणजे शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची, मान्यता आहे का ते आधी बघायचं.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. मग मुलीकडे वळून म्हणाले, "पर ह्यात शिकायचं काय असतं?" काकांचाच प्रश्न, पण त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. तिने बोटांवर मोजून सांगितलं, शरीररचना, स्नायू कसा थकतो, मुलाला चक्कर आली तर काय करायचं, पाठ कसा घ्यायचा, पंचगिरी. मग इतिहासाच्या पेपरातलं, की अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासूनचं आहे आणि तिथली माणसं १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकला आपले खेळ दाखवायला गेली होती. वडील म्हणाले, "खो-खो?" ती म्हणाली, "दाखवला होता, बर्लिनला." ते बराच वेळ मान हलवत राहिले. मग म्हणाले तुझ्या आईला सांग हे, मला नीट सांगता यायचं नाही.

ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांना माझी एकच विनंती आहे. त्याच्यासमोर त्याच्या कोर्सचं नाव पूर्ण घ्या, पाहुण्यांपुढे पण घ्या. मधलं अक्षर गाळलं की मुलाला ते ऐकू जातं. आणि मुलांनो, खेळ सुटल्याचं दुःख खरं आहे, ते घाईने आवरू नका, माझ्या या मुलीला आजही फायनलचे व्हिडिओ बघवत नाहीत आणि मी तिला बघ म्हणत पण नाही. फक्त दर आठवड्याला एक गोष्ट लिहून ठेवा जी तुम्हाला येते आणि सहा महिन्यांपूर्वी येत नव्हती. मार्क लिहायचे नाहीत, कुणाशी तुलना नाही.

मागच्या महिन्यात तिचा फोन आला. गावच्या शाळेच्या हेडमास्तरांनी वडिलांना विचारलं होतं म्हणे, की तुमची मुलगी ग्राउंड आखून देईल का. वडिलांनी परस्पर हो सांगून टाकलं, आणि तिला फोन करून विचारलं, घरात तीस मीटरची टेप आहे ती चालंल का.

"मग काय सांगितलंस?"

"म्हटलं न्हाई चालत, पन्नासची आणा. आणि फक्कीची दोन पोती."