वाचकांचे प्रश्न : आजोबांचे होमगार्ड आणि ब्रिटनचे होमगार्ड

प्रश्न : माझे आजोबा १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या वेळी नागपुरात होमगार्ड होते. महालातल्या आमच्या वाड्याच्या खिडक्यांना तेव्हा काळा कागद चिकटवलेला असे आणि आजोबा रात्री शिट्टी घेऊन गल्लीतून फिरत, असे आजी सांगते. होमगार्ड ही संघटना दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी काढली आणि तीच पुढे आपल्याकडे चालू राहिली, असे मी ऐकले आहे. हे खरे आहे का? या लोकांना पगार मिळत असे का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : नाव तेच असले, तरी दोन्ही संघटनांचा जन्म वेगवेगळ्या कारणांतून झाला आहे.

१० मे १९४० रोजी जर्मनीने हॉलंड आणि बेल्जियमवर हल्ला केला. हॉलंडमध्ये जर्मन सैनिक पॅराशूटने उतरल्याच्या बातम्यांनी ब्रिटनमध्ये घबराट पसरली आणि उद्या ते आपल्याही शेतांत उतरतील, असे लोकांना वाटू लागले. १४ मेच्या संध्याकाळी युद्धमंत्री अँथनी ईडन यांनी रेडिओवरून आवाहन केले की, १७ ते ६५ वर्षे वयाच्या पुरुषांनी जवळच्या पोलीस ठाण्यात नाव नोंदवावे. पगार मिळणार नाही, परंतु गणवेश आणि शस्त्र मिळेल. भाषण संपण्याआधीच काही ठाण्यांत माणसे येऊन उभी राहिली होती. जुलैअखेर ही संख्या पंधरा लाखांच्या घरात गेली. आरंभी या दलाचे नाव ‘लोकल डिफेन्स व्हॉलंटियर्स’ असे होते. चर्चिल यांच्या आग्रहामुळे जुलै १९४० मध्ये ते ‘होमगार्ड’ झाले.

गणवेश आणि शस्त्र यांचे वचन मात्र लगेच पाळता आले नाही. फ्रान्समधील डंकर्क बंदरातून माघार घेताना खुद्द सैन्यच आपल्या तोफा आणि गाड्या तिथेच सोडून आले होते, त्यामुळे जे काही हाती होते ते आधी सैन्याला द्यावे लागले. स्वयंसेवकांना सुरुवातीला मिळाली ती दंडावर बांधायची कापडी पट्टी. घरी शिकारीची बंदूक असेल तर त्यांनी ती आणावी, नसेल तर काठी घेऊन कवायत करावी, अशी स्थिती होती. पुढे अमेरिका आणि कॅनडातून जुन्या रायफली आल्या, तरी त्या सर्वांना पुरल्या नाहीत. जून १९४१ मध्ये चर्चिल यांनी लिहिले की, प्रत्येकाच्या हाती काहीतरी शस्त्र असलेच पाहिजे, मग तो भाला असला तरी चालेल. युद्धखात्याने ते शब्दशः घेतले आणि सुमारे अडीच लाख भाले बनवायला सांगितले. लोखंडाची पोकळ नळी आणि तिच्या टोकाला वेल्डिंगने जोडलेली जुनी संगीन, एवढेच त्या भाल्याचे स्वरूप होते. रणगाड्यांच्या युगात असे शस्त्र हाती देणे हा अपमान आहे, असे स्वयंसेवकांना वाटले आणि पुष्कळसे भाले कोठारांतच पडून राहिले.

या भाल्यांवरून त्या माणसांची थट्टा करण्याची रीत पडली आहे. मला ती अन्यायाची वाटते. दिवसभर कारखान्यात, शेतात किंवा कचेरीत राबून आलेला माणूस रात्री पुलावर, रेल्वेमार्गावर किंवा समुद्रकिनाऱ्यावर पहारा देत असे आणि सकाळी पुन्हा कामावर जात असे. शत्रूला वाट सापडू नये म्हणून रस्त्यांवरच्या दिशादर्शक पाट्या काढल्या होत्या. चर्चच्या घंटा जून १९४० पासून बंद होत्या आणि शत्रू उतरला तरच त्या वाजवायच्या, असा हुकूम होता. ७ सप्टेंबर १९४० च्या रात्री आक्रमण जवळ आल्याचा इशारा फिरला, तेव्हा काही गावांत त्या खरोखरच वाजल्या आणि होमगार्ड आपापल्या जागी जाऊन उभे राहिले. शत्रू आला नाही; तो येणार नाही, हे मात्र त्या रात्री कोणालाही ठाऊक नव्हते. पुढे अनेक होमगार्ड विमानविरोधी तोफांवरही काम करू लागले. डिसेंबर १९४४ मध्ये या दलाला निरोप देण्यात आला, तोपर्यंत बाराशेहून अधिक स्वयंसेवक कर्तव्यावर असताना मृत्यू पावले होते.

त्याच काळात नागपुरातही एक स्वयंसेवी पलटण होती. तिचे नाव ‘नागपूर रायफल्स’. परंतु ती ज्या सहायक सेनेचा भाग होती, तिचे दार युरोपियन आणि अँग्लो-इंडियन यांच्यापुरतेच उघडे होते. ज्या शहराचे नाव तिने धारण केले होते, त्याच शहरातल्या महालातील किंवा इतवारीतील तरुणाला तिच्यात जागा नव्हती. म्हणूनच आपल्या आजोबांचे दल तिचे किंवा ब्रिटनच्या होमगार्डचे वारस आहे, असे म्हणता येत नाही.

आपल्याकडील होमगार्ड, म्हणजेच गृहरक्षक दल, ६ डिसेंबर १९४६ रोजी मुंबई प्रांतात सुरू झाले. दंगलींच्या दिवसांत पोलिसांच्या मदतीला नागरिकांचे दल असावे, हा त्यामागचा हेतू होता. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते. नागपूर त्या वेळी मुंबई प्रांतात नव्हते, तर मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होते, आणि या प्रांताने १९४७ मध्ये होमगार्डचा स्वतंत्र कायदा केला. विदर्भातील होमगार्डची गोष्ट म्हणूनच मुंबईची नक्कल मानू नये.

युद्धाशी या दलाचा खरा संबंध आला तो १९६२ च्या चिनी आक्रमणानंतर. राज्याराज्यांतील निरनिराळी स्वयंसेवी दले एका साच्यात आणावीत, अशी सूचना केंद्राने तेव्हा केली, आणि होमगार्ड हे पोलिसांचे सहायक असण्याबरोबरच नागरी संरक्षणाचेही हात बनले. अंधारबंदी (रात्री उजेड बाहेर न दिसू देण्याचा नियम) पाळली जाते की नाही हे पाहणे, भोंगा वाजल्यावर लोकांना आडोशाला नेणे, आग विझवणे, प्रथमोपचार करणे ही कामे त्यातूनच आली. या शिक्षणाचे देशातील मोठे केंद्र आपल्याच शहरात उभे राहिले: १९५७ साली आपत्कालीन मदतकार्याचे प्रशिक्षण देण्यासाठी सुरू झालेली संस्था १९६८ मध्ये राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय झाली.

पगाराविषयी : होमगार्ड हे पद मानसेवी आहे. पगार नसतो, कर्तव्यावर बोलावले असेल त्या दिवसांचा भत्ता मिळतो. ‘निष्काम सेवा’ हे दलाचे ब्रीद आहे.

आजींना आठवत असेल, तर आजोबांची गस्त कोणत्या गल्लीपासून कोणत्या चौकापर्यंत असे, सोबत कोण असत आणि फट राहिलेल्या खिडकीपाशी थांबून ते काय म्हणत, हे त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावे आणि आमच्याकडे पाठवावे. आम्ही ते आनंदाने छापू.